आगीची रंगीत तालीम

माझं काम चांगलं झालं की काहीच घडत नाही. सव्वीस वर्षं मी काही न घडण्याचा पगार घेतला. शेजारच्या खात्यातला माणूस संध्याकाळी घरी जाऊन सांगू शकतो, आज इतक्या सीटा बनवल्या. मी काय सांगणार? आज कुणी भाजलं नाही, कुणाचं बोट तुटलं नाही, शेड सकाळी होती तिथंच आहे. आमची आई विचारायची, "आरं, पर तू दिसभर करतोस काय?" मी म्हणायचो, "लक्ष ठेवतो." त्यावर ती वडिलांकडं बघायची. वडील मेंढरं राखायचे. तेही जन्मभर लक्षच ठेवत आले होते, आणि त्यासाठी त्यांना बी.एस्सी. व्हावं लागलं नव्हतं.

मी मात्र झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर, नुसता घरातला नाही, सगळ्या भावकीतला. पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून आईनं देव्हाऱ्याशेजारी लावलं होतं, त्यामुळं सणासुदीला त्यालाही हळदकुंकू लागायचं. दारावरच्या पाटीवर नावापुढं 'बी.एस्सी.' मी स्वतः रंगवून घेतलं आणि खाली जागा उरली म्हणून औद्योगिक सुरक्षेची पदविकाही. पोस्टमन म्हणायचा, "एवढं सगळं वाचंपर्यंत पत्र जुनं व्हतं."

मुळशी तालुक्यात, घोटावडे फाट्याच्या पुढं, गाड्यांच्या सीटा बनवणारा एक कारखाना आहे. तिथं मी सेफ्टी ऑफिसर होतो. गावात मला नावानं कुणी हाक मारत नाही. "सेफ्टी आला का?" "सेफ्टीला चहा द्या." लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा एकानं कंसात 'सेफ्टी' लिहिलं होतं.

काम काय असतं ते बाहेरच्या माणसासाठी थोडक्यात सांगतो. आग लागायला तीन गोष्टी लागतात: जळणारी वस्तू, हवा आणि ठिणगी. यातली एक काढून घेतली की आग नाही. एवढं कळायला एक वर्षाची पदविका लागते. पुढचं सगळं आयुष्य ते माणसांना पटवण्यात जातं. माणसांचा स्वभाव असा, की जी वस्तू रोज कामाला येत नाही ती दुसऱ्या कुठल्या तरी कामाला लावायची. आग विझवायचे लाल सिलिंडर भिंतीवर असतात, त्यांना डबे टांगायचे. खाली काढले की दाराला अडकण म्हणून लावायचे. बाहेरची कंपनी तपासणीला आली, की आमचे मॅनेजर साहेब स्वागतकक्षातला सिलिंडर पडद्यामागं ठेवायला लावायचे, कारण सोफ्याला तो रंग जात नाही. आमचा गेटवरचा रखवालदार तर कलाकार होता. आगीसाठी ठेवलेल्या वाळूच्या चार बादल्यांपैकी एकीत त्यानं शेणखत मिसळून कोथिंबीर लावली होती.

"आरं, ही काय?" मी विचारलं.

"कोथमीर साहेब."

"ते दिसतंय. बादलीत का?"

"वाळू नुसतीच पडून हाय, म्हटलं दोन काड्या येतील. आग लागलीच तर कोथमिरीसकट टाकू की."

मी त्याला लेखी ताकीद दिली. लेखी ताकीद म्हणजे मेमो. मेमो लिहिण्यात माझा हात चांगला होता. 'निदर्शनास आले आहे की' अशी सुरुवात केली की मला स्वतःलाच बरं वाटायचं. आमच्या घराण्यात इतकं शुद्ध मराठी लिहिणारा मीच पहिला, मग ते कुठं तरी वापरायला नको?

आता मुख्य गोष्ट. ती मागच्या दाराची आहे.

आमची शेड लांबट. पुढच्या अंगाला ऑफिस आणि फवारणी विभाग. फोमवर चिकट द्रव फवारून त्यावर कापड बसवायचं, त्या द्रवात थिनर. थिनर म्हणजे पेट्रोलचा सख्खा भाऊ. मागच्या अंगाला फोम कापायची आणि पॅकिंगची लाईन. तिथं सगळ्या बायाच, आसपासच्या गावांतल्या. म्हणजे हिशेब सरळ होता. आग लागली तर पुढं लागणार आणि या बायांनी मागच्या दारानं बाहेर पडायचं. फोमच्या आगीत माणूस आधी धुरानं पडतो. धूर छताला जातो, तिथून खाली उतरायला लागतो, आणि तो डोक्यापर्यंत यायच्या आत बाहेर असावं लागतं. हातात दोन-तीन मिनिटं. म्हणून दर तीन महिन्यांनी मॉक ड्रिल, म्हणजे आगीची रंगीत तालीम. भोंगा वाजवायचा, सगळ्यांनी बाहेर जायचं, मैदानात ओळीनं उभं राहायचं, डोकी मोजायची.

मागच्या दाराबाहेर म्हसोबा होता.

ही सगळी जमीन बबनतात्यांची. त्यांनी ती कारखान्याला विकली, पण करंजाच्या झाडाखालचा शेंदूर लावलेला दगड आणि त्याच्याभोवतीचे दोन गुंठे ठेवून घेतले. दारातून बाहेर पडलं की डाव्या हाताला देव, अगदी हाताच्या अंतरावर. पायवाट देवाला वळसा घालून पलीकडच्या मैदानात जायची. रोज सकाळी तात्या येऊन देवाला पाणी घालायचे आणि आल्यासारखं शेडकडं बघून दोन शिव्या घालायचे.

पहिली तालीम झाली तेव्हा मी हातात घड्याळ धरून मैदानात उभा. भोंगा झाला. दार उघडलं. आणि बाहेर कुणीच येईना. जाऊन बघतो तर उंबऱ्यावर साठेक बाया खाली वाकलेल्या. सेफ्टी शूजच्या नाड्या सोडत होत्या. देवासमोरून पायताण घालून कसं जायचं? मागच्या बाया पुढच्यांना म्हणत होत्या, "उरका की गं!" आणि पुढच्या म्हणत होत्या, "गाठ बसलीया." हिराबाई म्हणजे लाईनची मुकादम, वयानं मोठी, तिनं बूट काढून, डोक्यावर पदर घेऊन, देवाला हात जोडून, मग बूट हातात घेऊन माझ्याकडं येऊन विचारलं, "आता कुटं हुबं ऱ्हायचं साहेब?"

अकरा मिनिटं. खरी आग असती तर मी अकरा मिनिटांत श्रद्धांजलीचं भाषण लिहिलं असतं.

मी तात्यांकडं गेलो. तिथं मला माझं शिक्षण बाजूला ठेवून बोलता आलं, याचा मला आजही अभिमान आहे.

"तात्या, येक अडचण हाय."

"कारखान्याची अडचन कारखान्याला सांग."

"देवाची हाय."

तात्या वळले. मी सगळं सांगितलं. त्यांनी पटक्याचं टोक तोंडात धरून विचार केला. "म्हंजी जाळ लागल्यावर बी ह्या पायतानं काडत बसनार?"

"व्हय."

"शानी हाईत का रं ही मानसं? देव काय बूट मोजत बसलाय?"

"तुमी सांगा त्यानला. माझं ऐकत न्हाईत."

"तुजं कोन ऐकल? तू सेफ्टी."

दुसऱ्या दिवशी तात्यांनी सगळ्या बायांसमोर नारळ फोडला आणि देवाला खणखणीत आवाजात सांगितलं, "बाबा, भोंगा वाजला की ह्या लेकी पायतानानं पळतील. राग धरू नगंस. बिनभोंग्याचं कुनी पायतान घालून आलं तर बग तुज्या परीनं." पुढच्या तालमीत सगळ्या तीन मिनिटांत बाहेर. मी पुण्याच्या एका सभेत यावर भाषण दिलं. 'स्थानिक श्रद्धा आणि औद्योगिक सुरक्षा : एक समन्वय' असं नाव दिलं होतं. टाळ्या वाजल्या. एका माणसानं चहाच्या वेळी येऊन हात मिळवला. मला वाटलं, आपल्या मातीतला माणूस सेफ्टीत असला की असं काम होतं. शहरातल्या साहेबाला हे कळलं असतं का?

या फुगलेल्या छातीनंच पुढचा घोटाळा केला.

बूट सुटले, पण डोकी जुळेनात. दर तालमीला चार-पाच बाया कमी. कुणी संडासात सापडायची. कुणी भोंगा व्हायच्या आधीच "पोटात दुखतंय" म्हणून ऑफिसकडं गेलेली. कुणी सरळ उलटी, पुढच्या दारानं, फवारणी विभागातून, जिथं आम्ही आग लागली असं धरलेलं तिथून चालत बाहेर. म्हणजे कागदोपत्री जळून मेलेली बाई गेटवर उभी राहून रखवालदाराशी बोलतेय.

आणि दर वेळी बाया वेगळ्या. एखादीची शिस्तच बिघडलेली असती तर दर वेळी तीच चुकली असती. तोंडं पाळीपाळीनं बदलतायत, म्हणजे कारण माणसात नाही, दुसऱ्या कशात तरी आहे. हे गणित बी.एस्सी. झालेल्याला सुटायला हवं होतं. मला ते कोडं पडलंसुद्धा नाही. मी मेमो काढले. 'निदर्शनास आले आहे की आपण मॉक ड्रिलमध्ये विहित मार्गाचा हेतुपुरस्सर अवलंब केला नाही.'

कुणाला एक, कुणाला दोन. सुनीताला तीन आले. सुनीता उरवड्याची, लाईनच्या अगदी टोकाला मागच्या दाराजवळ बसायची. तिनं पुढच्या दारानं जायचं म्हणजे सगळी शेड उलटी तुडवत जायचं, त्यामुळं ती लगेच नजरेत भरायची. हात चलाख, बोलणं कमी. कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. पण तीन मेमो झाले की कायम करायची फाईल थांबते. हा नियम कुणी केला? मीच सुचवला होता. सुरक्षेला वजन यावं म्हणून.

तिसऱ्या मेमोच्या वेळी मी तिला केबिनमध्ये बोलावलं. सोबत हिराबाई आली.

"सुनीता, मागच्या दाराशी बसतेस आणि पुढून जातेस. का?"

"इसरले साहेब."

"मागच्या वेळी काय म्हणालीस?"

"पाय दुखत हुता."

"पाय दुखणारं माणूस लांबच्या दारानं जातं?"

ती फरशीकडं बघत राहिली. हिराबाई म्हणाली, "जाऊ द्या की साहेब. पुढल्या येळंला जाईल मागनं."

"जाऊ कसं देऊ? उद्या खरी लागली तर?"

"तवाचं तवा बगू."

"तेव्हा बघायला कोण राहणार आहे?" असं म्हणून मी वीस मिनिटं बोललो. धूर, विषारी वायू, पोराबाळांचा विचार. सुनीतानं सगळं ऐकलं, डोळे भरून आले, आणि मेमोवर सही केली. मला वाटलं, पोचलं. दार ओढून घेताना बाहेरून हिराबाईचा आवाज आला, "गप गं. बाप्या मानसाला काय सांगनार?" हे मी ऐकलं. ऐकून घेतलं आणि पुढची फाईल उघडली.

खरी आग लागली ती एका साध्या सकाळी, अकराच्या सुमाराला. फवारणी विभागाच्या छतावरची धुराची नळी सडली होती, तिला वेल्डिंग करायचं होतं. अशा ठिकाणी वेल्डिंग करायला परवाना लागतो आणि तो परवाना मी देतो. आजूबाजूला जळणारं काही नाही ना, थिनर हलवलं ना, विभागाचं काम बंद आहे ना, सिलिंडर घेऊन माणूस उभा आहे ना, असं सगळं तपासून मी सही केली. जमिनीवरचा इंचन्‌इंच बघितला. डोकं वर करून माळ्यावर बघितलं नाही. माळ्यावर कुणी तरी फोमच्या कातरणाची पोती चढवून ठेवली होती, चार महिन्यांपासून. पत्र्याच्या फटीतून ठिणगी पडली ती बरोबर तिथं.

भोंगा वाजला. मी बाहेरून धावत शेडला वळसा घालून मागं गेलो. आणि खरं सांगतो, त्या घाईतसुद्धा मला आनंद झाला. बाया बूट घालून, रांगेत, देवाच्या अंगावरून भराभरा बाहेर येत होत्या. भोंगा तालमीचा नाही हे त्यांना वासानंच कळलं होतं. त्या दिवशी ज्या अडखळल्या त्यासुद्धा पदर तोंडाला लावून, मान दुसरीकडं करून पळाल्या. मैदानात हिराबाईनं मोजलं. परत मोजलं.

"येक कमी."

"कोण?"

"सुनी."

मी दाराकडं पळालो. पळताना 'येथे जमा व्हा' अशी मीच लावलेली पाटी गुडघ्यात लागली आणि मी आडवा झालो. उठून लंगडत दाराशी गेलो तर सुनीता आत उभी. उंबऱ्याच्या आत एक पाऊल. चौकटीला धरलेलं. तिच्या मागं छताला काळा धूर साठलेला, खाली उतरायला लागलेला.

"चल बाहेर!"

"साहेब, मी पुढनं जाते."

"पुढं जाळ हाय! चल!"

तिनं मागं बघितलं. पुन्हा देवाकडं बघितलं. तिला वाटत होतं ते मला आज कळतं. दारी देव आणि पाठीशी आग, आणि घरी दोन लेकरं. आपल्या पायानं काही वंगाळ झालं तर ते लेकरांवर येईल, अशी तिची भीती. त्या वेळी मला एवढंच कळलं, की ही बाई अडली आहे, आणि बाई का अडते याचं एकच कारण माझ्या डोक्यात होतं. मी सगळ्या ताकदीनं ओरडलो, "बूट राहू दे! बुटाची परवानगी घेतलीया!"

तिनं माझ्याकडं जसं बघितलं तसं आमच्या सायन्सच्या सरांनीसुद्धा कधी बघितलं नव्हतं.

मी आत हात घातला. ती मागं सरकली. "शिवू नका मला!"

यानंतर तरी ट्यूब पेटावी की नाही? मला वाटलं, परक्या माणसानं हात धरलेला तिला चालत नसेल. मी चक्क म्हणालो, "हिराबाईला बोलावू का?"

तेवढ्यात मागून तात्या आले. सकाळचं पाणी घालायला आले होते, तांब्या अजून हातात. त्यांनी एकदा सुनीताकडं बघितलं, एकदा देवाकडं. एक शब्द विचारला नाही. डोक्याचा पटका सोडला, दोन झटक्यांत उलगडला आणि अख्खा देवावर टाकला. शेंदराचा एक ठिपका दिसत नव्हता. मग म्हणाले, "झाकलाय बग त्येला, पोरी. आता त्यो काय बगत न्हाई. ये."

आणि ती आली. तोंड ओंजळीत लपवून, तीन पावलांत पार झाली. तिच्या मागोमाग धूर दारातून बाहेर पडला.

अर्धी शेड गेली. पाण्याच्या गाड्या आल्या, दुपारपर्यंत आटोक्यात आलं. माणूस एकही भाजला नाही. अपघाताच्या अहवालात जखमींचा एक रकाना असतो. तिथं एकच नाव आहे: सुरक्षा अधिकारी, उजवा गुडघा, चार टाके, कारण सूचनाफलकास धडकून.

टाके घालून आल्यावर मी हिराबाईला धरलं. "तात्यांनी देव झाकला म्हणजे काय केलं? आणि ती का थांबली होती?"

हिराबाई उघड्या डोक्यानं फिरणाऱ्या तात्यांकडं बघत म्हणाली, "साहेब, घरी बायकूला इचारा."

घरी जाऊन विचारलं. बायको भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं, पीठ झाडलं आणि म्हणाली, "आपल्या घरात म्हैन्यातलं चार दिस देवाचा दिवा कोन लावतं?"

"मी लावतो."

"का लावताय?"

"तू..." आणि मी थांबलो.

"लगीन झाल्यापासनं लावताय," ती म्हणाली. "आन दारात म्हसोबा ठिवून त्या बायांना म्हणताय, हितनंच जा. न्हाई गेल्या तर कागद. कुनी सांगायचं तुमाला? तुमी इचारलं का?"

"मी विचारलं होतं. केबिनमध्ये बोलावून."

"केबिनीत!" असं म्हणून ती इतकी हसली की भाकरी करपली. मग हसणं थांबलं आणि म्हणाली, "त्या पोरीला काय झालं असतं तर?"



कुणी म्हणेल, तुम्ही शिकलेले, तुम्ही त्या बायांना सांगायचं होतं की असलं काही मानू नका. सांगायला हवंही असेल. पण धूर भाषण संपायची वाट बघत नाही. माझं काम माणूस बाहेर काढायचं. जसं माणूस असेल तसंच ते बाहेर काढायचं. त्याला आधी बदलून मग बाहेर काढायला गेलं तर उशीर होतो. एवढं मला कळायला हवं होतं, कारण वडील मेंढरं राखताना तेच करायचे. मेंढरू ज्या वाटेला बुजतं तिथनं ते हाकत नसत, दुसरी वाट शोधत.

शेड नव्यानं उभी करायची ठरली तेव्हा मॅनेजर साहेबांनी विचारलं, "तो दगड हलवता येईल का? आपण छान छोटं मंदिर बांधून देऊ, रस्त्याच्या कडेला."

तात्या समोरच बसले होते, नवा पटका बांधून. म्हणाले, "देव हितं माझ्या आज्याच्या बी आधीपासनं हाय. तुमची भित परवाची. आता कोनी हलायचं ते तुमीच ठरवा."

भिंत हलली. नवं दार उजव्या अंगाला, ट्रक लावायच्या जागेकडं निघालं, रुंद, आणि तिथं देव नाही. प्रस्तावावर 'बदलाचे कारण' म्हणून जागा असते. तिथं मी लिहिलं, 'जुन्या दाराची जागा ठरवताना वापरणाऱ्यांना विचारले नव्हते.' मॅनेजर साहेबांना ते आवडलं नाही, पण सही केली.

राहिले मेमो. सगळ्यांचे मिळून बरेच होते, पण टोचत होते ते सुनीताचे तीन. तिची फाईल अजून अडकलेली. कंपनीत मेमो फाडून टाकता येत नाही, तो रद्द करायला दुसरं पत्र लागतं, सकारण. मी बसलो. इतक्या वर्षांचं शुद्ध मराठी पणाला लावलं. दोन पानं झाली. 'सदर महिला कर्मचारी उपरोक्त तिन्ही दिनांकांस मासिक धर्मात असल्या कारणाने, तसेच विहित मार्गावर ग्रामदैवताचे स्थान असल्या कारणाने...' असं सुरू करून श्रद्धा, समाज, संवादाचा अभाव, सगळं घेतलं. वाचून माझेच डोळे पाणावले.

एचआरच्या मॅडम कोथरूडच्या, वयानं लहान. त्यांनी पत्र वाचलं, मग पुन्हा वाचलं. "सर, हे तिच्या फाईलला कायम राहणार."

"राहू द्या. खरं आहे."

"तिला दाखवलंत?"

"दाखवायचं काय त्यात? तिच्या भल्याचंच आहे."

मॅडमनी फोन उचलला. सुनीताला बोलावून घेतलं आणि पत्र तिच्या हातात दिलं. दहावी झालेली, सावकाश वाचते. मी खुर्चीत जरा मागं टेकून बसलो. आभार मानले तर काय म्हणायचं ते मनात ठरवत होतो.

तिचे कान लाल झाले.

"ह्ये कुनी कुनी वाचलं साहेब?"

"मी, मॅडम... टाईप करणारा."

"आन म्होरं जो नवीन साहेब यील त्यो वाचणार."

"हो, म्हणजे फाईल उघडली तर..."

"कुठल्या तारखंला माजं काय चाललं हुतं, त्ये." तिनं पत्र टेबलावर ठेवलं, माझ्याकडं वळवून. आवाज चढवला नाही. "साहेब, चूक तुमची. आन कागदावर मी."

मी पत्र परत घेतलं.

केबिनमध्ये येऊन दुसरं लिहायला बसलो. तारखा काढल्या, तर देव राहिला. देव काढला, तर 'श्रद्धा' राहिली. श्रद्धा काढली, तर 'संवादाचा अभाव' राहिला, आणि तो वाचताना असं वाटत होतं की आम्ही दोघं बोलत नव्हतो. बोलत तर मीच होतो, वीस वीस मिनिटं. एकेक शब्द खोडत गेलो. जेवायची सुट्टी झाली तेव्हा कागदावर जे उरलं होतं ते असं: 'श्रीमती सुनीता यांना दिलेले तीनही मेमो चुकीचे होते. चूक माझी आहे. ते रद्द करावेत.' खाली सही. सहीखाली सवयीनं 'बी.एस्सी.' लिहिलं होतं, ते खोडलं.

मॅडम म्हणाल्या, "कारण लिहिलं नाहीये, सर."

"दुसरं वाक्य बघा. तेच कारण."

त्यांनी शिक्का मारला. त्याच महिन्यात सुनीताची फाईल पुढं सरकली, ती कायम झाली. पण ते नंतर. त्या दिवशी तिनं तो कागद उभ्यानंच वाचला. तीन ओळींना जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ घेतला. मग विचारलं, "ह्याची येक प्रत मला मिळंल का साहेब?"

"मिळेल की. पण कशाला? फाईलला लागलं की झालं."

"घरी न्यायचाय," ती म्हणाली. "साहेबानं चुकलो म्हणून लिवून दिलं, असा कागद आमच्यात कुनाच्या बी घरात आजून आलेला न्हाई."

झेरॉक्सचं मशीन ऑफिसच्या पलीकडच्या टोकाला आहे. शिपायाला न पाठवता मीच गेलो.